सातव्या खोलीचा दरवाजा

जुने कॉम्प्युटर गेम जिवंत ठेवणं हे तिचं काम. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर तिला एक खोली दिली होती. लोक माळ्यावरून शोधून आणत त्या फ्लॉप्या ती तिथे वाचायची, त्यातला खेळ उतरवून घ्यायची आणि ग्रंथालयाच्या वेबसाइटवर ठेवायची. ब्राउझर मग जुन्या कॉम्प्युटरचं सोंग इतकं बेमालूम वठवायचा की बिचाऱ्या खेळाला काळ बदललाय याचा पत्ताही लागायचा नाही. हे नातेवाइकांना समजावता समजावता तिच्या नाकीनऊ आले होते. "म्हणजे तुला खेळायचा पगार मिळतो?" असं आत्याने विचारलं, तेव्हापासून तिने तो नाद सोडला.

आजची फ्लॉपी मात्र घरचीच होती. पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी एक खेळ लिहिला होता. सात खोल्या, प्रत्येक खोलीत एक कोडं. पहिली फ्लॉपी त्यांनी धाकट्या भावाच्या, म्हणजे तिच्या काकाच्या हातात दिली. काकाने आठवडाभर खेळून निकाल दिला, "सहाव्या खोलीचा दरवाजा उघडतच नाही. दादाने शेवट लिहिलेलाच नाही." झालं! घरात बाबांचं नाव अर्धवटराव पडलं ते कायमचं. बाबांनीही ते निमूटपणे मान्य केलं. भाऊ कशाला खोटं बोलेल? आपलंच काहीतरी चुकलं असणार. उरलेल्या फ्लॉप्या त्यांनी टाकून दिल्या आणि जन्मभर लोकांचे पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त केल्या. त्या खेळाचा विषय निघाला की ते उठून चहा ठेवायला जात.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना काकाला ती फ्लॉपी सापडली आणि त्याने ती पुतणीकडे पाठवून दिली. बाबांनी शेवट खरंच लिहिला नव्हता का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

तिने खेळ ब्राउझरमध्ये चालवला. दुसऱ्या खोलीतलं घड्याळ मुद्दाम चुकीचं लावलं तरच वाट सापडत होती. ती मनापासून हसली. बाबा इतके मिश्कील होते हे तिला माहीतच नव्हतं. पण सहावा दरवाजा ढिम्म हलेना. मग तिने खेळाचं पोट उघडून पाहिलं, तर सातवी खोली तिथे होती! तिच्यातला मजकूर वाचता येत नव्हता, पण ती लिहिलेली होती. मग दरवाजा का उघडत नव्हता? आता तिला चैन पडेना. तिने बाबांना बोलावून घेतलं.

बाबा स्टुलावर अंग चोरून बसले. "जाऊ दे गं. गेलेल्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

"मी काय काय केलं ते फक्त ऐका. फ्लॉपी पुसली. वाचली. एका जागी वाचता येत नव्हतं, तेवढं मी उतरवलेल्या प्रतीत दुरुस्त केलं. मग..."

"थांब. काय केलंस?"

"एक जागा खराब होती, बाबा. ती नीट केली."

"अगं, ती खराब नव्हती! तिथे मी टाचणीने भोक पाडलं होतं!" बाबा ताडकन उभे राहिले. "प्रत्येक फ्लॉपीवर, स्वतःच्या हाताने. सहाव्या खोलीत खेळ ती जागा तपासतो. ती वाचता आली नाही तरच माल अस्सल. वाचता आली, तर कुणीतरी उतरवलेली नक्कल! मग दरवाजा बंद."

तिने कपाळावर हात मारला. खेळ वाचवायला बसलेल्या बाईने कुलपाची किल्लीच घासून गुळगुळीत केली होती. तिने फ्लॉपी पुन्हा वाचली, भोक जसंच्या तसं ठेवून. ब्राउझरमध्ये सहा खोल्या पार केल्या. दरवाजा उघडला.

आत एक खुर्ची होती आणि वर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ: धाकट्या, इथवर आलास म्हणजे तू माझ्यापेक्षा हुशार.

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, पण पाठोपाठ कपाळाला आठी पडली. "मग तेव्हा का नाही उघडला? त्याच्याकडे तर हीच फ्लॉपी होती."

त्यांनी तिथूनच काकाला फोन लावला. भोकाची आणि दरवाजा उघडल्याची हकीकत सांगितली.

"दादा," काका म्हणाला, "ती फ्लॉपी मी कधी मशीनमध्ये घातलीच नाही."

"म्हणजे?"

"तू लिहिलेला पहिला खेळ होता तो. घासली, खराब झाली तर? मित्राकडून तिची कॉपी काढून घेतली आणि कॉपीवर खेळलो. तुझी रुमालात बांधून ठेवली होती. आणि वर तुलाच अर्धवटराव म्हणत राहिलो."

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"सातव्या खोलीत काय आहे रे, दादा?"

"मी नाही सांगणार," बाबा म्हणाले. "पोरगी लिंक पाठवतेय, ती उघड. पहिल्या खोलीपासून खेळ. मी फोन ठेवत नाही."