ठिपका सुरू झाल्यानंतरचं दही

घरातून कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवायची, हे खातं सुमंतच्या बायकोचं, कांचनचं. ती जाऊन आठ महिने झाले होते. त्यामुळे सुमंतला ते आठवलं तेव्हा लेक अबोली पळायला लागलीसुद्धा होती.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा पर्वतातली एकशे दहा मैलांची डोंगरवाट, आणि तीही कोणाची मदत न घेता. खाणं पाठीवर, पाणी ओढ्याचं. बायकांमधला विक्रम चौतीस तासांचा. तो मोडायचा म्हणून लेकीने दोन वर्षं घाम गाळला होता. पाठपिशवीला साबणाच्या वडीएवढा ट्रॅकर लावला होता. बटण दाबलं की घड्याळ सुरू, आणि दर दहा मिनिटांनी उपग्रहामार्फत तिचा ठिपका नकाशावर पुढे सरकायचा. तोच पुरावा.

सुमंतने दुपारच्या दहीभातासाठी आणलेला डबा उघडला, कॉफीच्या पुडीतली साखर घातली आणि सदुसष्टाव्या वर्षी चढावर धावत सुटला. हाक ऐकून अबोली थांबली. हात पुढे केला, दही चाटलं आणि पळाली.

तो गाडीपाशी येऊन धापा टाकतोय तोच जावयाचा, नीलचा, फोन आला. तो वाटेच्या दुसऱ्या टोकाला नकाशा उघडून बसला होता. पहिल्या दहा मिनिटांत एवढंच अंतर कसं, असं विचारत होता. सुमंतने अभिमानाने कारण सांगितलं.

"बाबा, बटण दाबल्यानंतर दिलंत?"

"मग काय करू? आधी आठवलंच नाही."

"अहो, ती बाहेरची मदत झाली. एक चमचा असला तरी."

मग नीलच म्हणाला, जाऊ दे, ठिपक्यात काही दही दिसत नाही. सुमंतला ते पटवून घ्यावंसं फार वाटलं. लेक परत फिरली तर पाय आधीच दमणार, आणि विक्रम हुकला तर बापामुळे. पण नंतर कळलं असतं, तर तिने तो विक्रम स्वतःच नाकारला असता. त्याने फोनवरून तिच्या ट्रॅकरवर निरोप धाडला : 'दही नियमात बसत नाही. चूक माझी. काय ते तू ठरव.'

ठिपका आणखी एकदा पुढे गेला. मग मागे वळला.

अबोली उतरली ती हसतच.

"तीन मैल फुकट गेले, बाबा. आईने निदान वेळेवर तरी दिलं असतं."

"तिने तुला घरातूनच निघू दिलं नसतं," सुमंत म्हणाला. कांचन गेल्यापासून तिच्यावरून दोघं पहिल्यांदाच पोट धरून हसली.

नवी सुरुवात करायला अबोलीने बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, आणखी काही द्यायचं, सांगायचं राहिलंय का? सुमंतने नीट आठवून पाहिलं.

"पोचलीस की फोन कर."

"तुम्हाला ठिपका दिसणारच आहे."

"तरी कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी, फ्रीमाँटच्या घरात, शेजारपाजारच्या मंडळींसमोर ठिपका शेवटच्या फाटकाशी पोचला. तेहतीस तास एकोणपन्नास मिनिटं. पेढे फिरले. शेजारच्या वीणाकाकूंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, कालची ही जाऊन परत आलेली रेघ कसली? सुमंतने काही न लपवता सांगायला घेतलं. तो चढावर धावत सुटला तिथपर्यंत गोष्ट आली आणि फोन वाजला. मंडळींना पुढचं ऐकायला पाऊण तास थांबावं लागलं.