बुटांच्या दुकानाची जागा

हायवेलगतच्या त्या अवाढव्य मॉलमध्ये बड्या कंपन्यांचा मागच्या वर्षीचा माल स्वस्तात मिळायचा. तिथल्या बुटांच्या दुकानात सासूबाईंचा एकुलता एक मुलगा मॅनेजर होता. मॅनेजर असूनही गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून स्वतः बूट चढवायचा. एके दिवशी माल उतरवून घेताना त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुनेनं तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती.

त्याचा डबा आणि जॅकेट आणायला दोघी तिथे गेल्या, आणि मग जातच राहिल्या. दुकानातली पोरं स्टूल पुढे करायची, चहा मागवायची, त्याच्या गमती सांगायची. सासूबाई दहा जोड घालून बघायच्या, घ्यायच्या एकही नाही.

हळूहळू ती पोरं पांगली. एका खेपेला अनोळखी मुलीनं "मॅडम, साइज?" असं विचारलं, तेव्हा दोघी गुपचूप बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी तिथे अत्तरांचं दुकान आलं. आत पाऊल टाकताच सासूबाईंना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. सून पोट धरधरून हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. मग अत्तरंही गेली आणि प्रवासी बॅगा आल्या.

त्या वर्षी कॉफी घेताना सून म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं."

"ऑफिसातल्या त्या मुलाचं ना? हल्ली फोन आला की गॅलरीत पळतेस."

सून रडवेली झाली. "तुम्हाला राग नाही ना आला?"

"राग कसला, वेडे? कधी सांगतेस याचीच वाट बघत होते."

"त्याची बदली परदेशात झालीय. लग्न करून लगेच निघायचंय."

हे मात्र सासूबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि उठल्या. "मग बॅग लागेल की. चल."

बॅगांच्या दुकानात त्यांनी सेल्समनला भंडावून सोडलं. चेन ओढून बघितल्या, चाकं फिरवून बघितली. "ही अडकतेय, दुसरी दाखवा." शेवटी एक निळी बॅग पसंत पडली. तिचा दांडा हातात घेताच सुनेचा बांध फुटला.

"आई, ते इथेच बसायचे ना?"

बरोबर तिथेच. बाजूच्या खांबावरून सासूबाईंनी जागा केव्हाच ओळखली होती.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तो पलीकडच्या भिंतीशी बसायचा. डोळे पूस बघू."

सून गेली. सुरुवातीला रोज फोन यायचा. तिला मुलगी झाल्यावर तो एकदम कमी झाला. सासूबाईंनी कधी तक्रार केली नाही. फोन आला की "मी मजेत आहे," एवढंच सांगायच्या.

एकदा त्या एकट्याच मॉलमध्ये गेल्या. ती आख्खी बाजू बंद होती, काचांना आतून कागद चिकटवले होते.

"आजी, काय घ्यायचंय?" वॉचमननं विचारलं. "इकडे आता काही उरलं नाही."

"घ्यायचं काही नाही, बाबा."

परतीच्या बसला अवकाश होता. सासूबाई थांब्यावर बसल्या. सुनेसमोर इतकी वर्षं दाबून धरलेलं रडू आता त्यांना आवरेना. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. ती घ्यायलाही त्यांचा हात उचलला गेला नाही.