मागच्या दारची टाकी

तिने सेन्सरच्या नव्या पट्टीवर टाकीतल्या पाण्याचा थेंब सोडला आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. रेषेने पुन्हा तोच उंचवटा काढला. पाण्यात प्रतिजैविक होतं.

हा सेन्सर तिच्या हातचा; प्रयोगशाळेत त्याच्यापायी तिने रक्ताचं पाणी केलं होतं. टाकी बाबांची, औषधाशिवाय माशांची बोटुकली वाढवणारा माणूस म्हणून तळीवाले डोळे झाकून त्यांच्याकडून पिलं नेत. दोघांपैकी एक खोटं होतं, आणि कुठलंही ठरलं तरी मार तिलाच बसणार होता. नळाचं पाणी स्वच्छ, मोठ्या तळ्याचंही स्वच्छ. घोडं पेंड खात होतं ते मागच्या दारच्या या एका टाकीत.

बाबांना विचारलं, तर ते आधी हसले, मग चिडले. यंत्र केलंस ते बापालाच चोर ठरवायला का, असं पुटपुटत खाद्याची बादली उचलून चालते झाले. खोटं बोलणारा माणूस असा दुखावत नाही, हे तिला कळत होतं. पण रेषेला तरी खोटं बोलून काय मिळणार होतं? तिची मती गुंग झाली.

जेवणं झाल्यावर आईने बाबांच्या हातावर कॅप्सूल ठेवली. पत्र्याने पाय कापला होता, त्याचं डॉक्टरांनी दिलेलं औषध. बाबांनी ती तोंडात टाकली, वर घोटभर पाणी घेतलं आणि रबरी बूट कसेबसे चढवून मागच्या दारी गेले. पुन्हा पाणी तपासावं म्हणून तीही मागोमाग गेली. बाबांनी तोंडातली कॅप्सूल तळहातावर काढली आणि हळूच टाकीत सोडली. पिलं खाऊ समजून धावली.

"बाबा!"

"पोटात आग पडते गं त्याने," ते ओशाळून म्हणाले. "अंगणात टाकली तर तुझ्या आईला झाडताना सापडते."

"रोज इथेच टाकता?"

"माणसाचं औषध ते. माशांना काय होणार?"

"माशांना देतात तेही हेच असतं, बाबा."

ते टाकीच्या कठड्यावर टेकले. तिला मात्र, लाज वाटावी इतका आनंद झाला. सेन्सर खरा होता, बाबाही खरे होते.

"म्हणजे ही सगळी पिलं वाया गेली?" बाबांनी विचारलं.

ती उत्तर देणार होती. तेवढ्यात तिची नजर त्यांच्या कापलेल्या पायाकडे गेली.

"बूट काढा जरा."

"राहू दे आता."

तिने खाली बसून बूट धरला आणि ओढला. तो पायातून निघेना.