टोपी-टॉवेल

राणीसावरगावचे दिनकर गुरुजी सत्याऐंशी सालच्या मे महिन्यात शिक्षकांच्या शिबिरासाठी परभणीला आले आणि सख्खी थोरली बहीण गावात असताना लॉजवर उतरले. तेही कुठल्या, तर बहिणीच्या घरासमोरच्या. लांब कुठं उतरलो तर आपला रुसवा तिला दिसणार कसा, असा त्यांचा पोक्त विचार होता.

रुसवा भाच्याच्या लग्नातला. मांडवात माईकवरून नावं पुकारून मानाच्या पाहुण्यांना टोपी-टॉवेलाचा आहेर चालला होता. आपण तर नवरदेवाचे सख्खे मामा, आपल्याला कुणीतरी हाताला धरून न्यावं, म्हणून गुरुजी मुद्दाम पार मागं जाऊन बसले. नाव चारदा पुकारलं गेलं आणि त्यांनी ते चारही वेळा नीट ऐकलं. न्यायला मात्र कुणी आलं नाही. तेव्हापासून वर्षभर ते रुख्मिणीअक्काच्या दारी गेले नव्हते. तिची आठवण येऊन जीव कासावीस व्हायचा, पण मामापण आडवं यायचं.

खोलीनं त्या मामापणाचा चांगलाच समाचार घेतला. गादीत ढेकूण नांदत होते. उशीला आधीच्या समस्त गिऱ्हाइकांच्या खोबरेल तेलाचा वास होता. पंखा लावला की आवाज तेवढा यायचा, वारा नाही. खिडकी उघडावी तर समोर अक्काचं सडा टाकलेलं अंगण आणि लिंबाखाली रिकामी बाज. गुरुजींनी खिडकी लावून घेतली आणि ढेकणांत बसून मान राखला.

सकाळी मोरीत त्यांनी अंगभर साबण चोळला आणि नळानं दोन उचक्या देऊन मान टाकली. मॅनेजरनं पेपरातून डोकं न काढता रस्त्यावरचा हातपंप दाखवला. शिबिराची वेळ होत आलेली. पोरांना टापटिपीचे धडे देणारे गुरुजी कमरेला टॉवेल, अंगाला फेस आणि हातात बादली अशा थाटात भर रस्त्यावर आले. डोळ्यांत साबण गेलेला. पंपाचा दांडा चाचपत होते, तर तो आधीच कुणीतरी हापसायला लागलं.

"वाक खाली," अक्काचा आवाज आला.

ते मुकाट्यानं वाकले. डोक्यावर गार पाणी पडलं.

"माईकवर चारदा तुजं नाव पुकारलं, दिनकर. उठला का न्हाईस?"

खोटं बोलायला अंगावर पुरेसे कपडे नव्हते. "हाताला धरून न्यायला कुणी आलं न्हाई, अक्का."

पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं हे बोलणं त्यांचं त्यांनाच पहिलीतल्या पोराचं वाटलं. अक्कानं त्यांचं ओलं मनगट धरलं आणि रस्ता ओलांडायला लागली. पानपट्टीवरची माणसं टकामका बघत होती. गुरुजींना रडू आवरेना. बरं झालं, तोंड आधीच ओलं होतं.

टॉवेल अंगावर होताच. वर्षभर पेटीत जपून ठेवलेली टोपी अक्कानं बाहेर काढली आणि त्यांना बाजेवर बसवून ओल्या डोक्यावर ठेवली.