वैद्यीणबाईंचे पंचेचाळीस गुण

विद्याधर देवस्थळी यांची लढाई सहा महिने चालली आणि तेवढ्या वेळात सहा फेऱ्या झाल्या. याहून संथ लढाया जगात झाल्याही असतील, पण त्यांत कोणी उपाशी मेलं, कोणाला हिवताप झाला, काही ना काही घडलं. इथे सेनापती बंगळूरच्या इंदिरानगरातल्या आपल्या घरी टपालाची वाट बघत बसला होता.

त्याचं असं झालं. पंच्याण्णव साली जावई आणि लेक अमेरिकेला गेले आणि जाताना आपला कॉम्प्युटर सासऱ्यांकडे ठेवून गेले. त्यात एक खेळ होता. सहा जणांची टोळी घेऊन राक्षसांच्या मुलखातून जायचं. तिघे पुढच्या रांगेत, तिघे मागच्या. पुढचे तलवारी चालवतात आणि मार खातात, मागचे दुरून जादू करतात, कुलपं उघडतात, जखमा बऱ्या करतात. पुढची रांग उभी आहे तोवर मागच्यांना सहसा धक्का लागत नाही.

विद्याधरपंत सरकारी कारखान्यातून गुणवत्ता तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. तपासायला काही नसल्याने त्यांची तब्येत बिघडत चालली होती. त्यांनी खेळाची पुस्तिका दोनदा वाचली, त्यातल्या चार चुका काढल्या, आलेखाचे कागद आणले आणि बायकोला हाक मारली. पुढचे तिघे त्यांनी घेतले, मागचे तिघे हेमलताबाईंना दिले. एकाने दुसऱ्याच्या माणसांना हात लावायचा नाही, हा नियम हेमलताबाईंनी घातला. तीस वर्षं स्वयंपाकघरातल्या डब्यांना जो नियम होता तोच.

खेळात प्रत्येक माणूस पायरी चढला की त्याला पाच गुण मिळत. ते बळात घाला, चपळाईत घाला, कशातही घाला, आपली मर्जी. पहिल्याच पायरीला हेमलताबाई म्हणाल्या, "माझ्या वैद्यीणबाईला जरा धनुष्य शिकवावं म्हणते."

"वैद्याला धनुष्य कशाला?" विद्याधरपंतांनी आलेख पुढे ओढला. "हे बघ. माझा ढालवाला उभा, तर सगळे उभे. आणि तो उभा राहणार तुझ्या उपचारावर. तिचा एकेक गुण उपचारातच गेला पाहिजे. बाकी तिला करायचंय काय?"

हे स्पष्टीकरण पाऊण तास चाललं. शेवटी हेमलताबाई म्हणाल्या, "बरं."

नऊ पायऱ्या झाल्या. पंचेचाळीस गुण, सगळेच्या सगळे उपचारात. ढालवाला कितीही चेचला गेला तरी वैद्यीणबाई त्याला एका मंत्रात उभा करत. स्वतः त्यांनी काठी उगारली तर शत्रूला डास चावल्याइतपत इजा होई.

मग लेकीचं, यशश्रीचं, बाळंतपण आलं आणि शहाण्णवच्या मे महिन्यात हेमलताबाई ओहायोला गेल्या. नोव्हेंबरचं परतीचं तिकीट पर्समध्ये होतं. जाताना कुकरच्या शिट्ट्या, दूधवाला आणि गॅसचा नंबर सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि पुलापाशी थांबा. मी आल्याशिवाय पलीकडे जायचं नाही."

खेळातल्या त्या पुलावर तीन तोंडांचा राक्षस होता. विद्याधरपंत आठ दिवस थांबले. नवव्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांनी सवयीने दोन कप चहा केला, दोन्ही प्यायले आणि लढाई सुरू केली.

त्यांचे तिघे लढले. मग पडद्यावर वैद्यीणबाईंच्या नावापुढे चौकोन लुकलुकू लागला. हिने काय करायचं? विद्याधरपंतांनी हात मागे घेतला. नियम म्हणजे नियम. खेळ अर्ध्या लढाईत जपून ठेवता येत असे, तसा तो ठेवला आणि त्यांनी विमानटपालाचा एरोग्राम लिहायला घेतला. फोन रविवारी येई, पण पहिल्याच फोनवर त्यांनी राक्षसाचा विषय काढला तेव्हा यशश्रीने ताप आहे का विचारलं होतं. पत्र जायला बारा दिवस, यायला बारा दिवस आणि मध्ये नातवाचे लंगोट. महिन्याला एक फेरी पडू लागली.

या युद्धाला एक प्रेक्षक होता. शेजारचे खंडोजी. यशवंतपूरच्या बाजारातली कांद्याची आडत मुलांकडे सोपवून ते मोकळे झाले होते. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आलेलं, त्यामुळे युद्धावर बोलायचा हक्क आपल्याला जन्मतः आहे असं ते धरून चालत.

"काय अण्णा, अक्काचं ऑर्डर आलं का?"

"परवा येईल."

"तवर राक्षस काय करते?"

"थांबतो."

"चांगलं आहे राक्षस," खंडोजी म्हणत आणि कॉफी मागत.

पहिल्या पत्रात लढाईवर अकरा ओळी होत्या. 'तुमच्या त्या ढालवाल्याला आधी बरं करा, पण उगाच पूर्ण नको, मंत्र पुरवायचेत. माझ्या चोराला डाव्या बाजूला न्या. आणि मी थांबा म्हटलं होतं.' विद्याधरपंतांनी हे पत्र इतक्यांदा वाचलं की घड्या फाटायला आल्या. तिसऱ्या पत्रात पाच ओळी होत्या. सहाव्यात नातवाला, ध्रुवला, दात येतोय, इथे एक लायब्ररी आहे, मी एकटी चालत जाते, शेजारची बाई मला गाडी शिकवते म्हणते, असं सगळं झाल्यावर कडेला उभं लिहिलं होतं, 'तिघांचं नेहमीचंच.'

तपासनीसाच्या नोकरीत त्यांनी हेच पाहिलं होतं. यंत्र बंद पडायच्या आधी सुटे भाग हळूहळू मापात कमी भरू लागतात. अकरा, पाच, एक. पुढचा आकडा त्यांना काढायचा नव्हता.

सातवं पत्र नोव्हेंबरअखेर आलं. यशश्रीची रजा संपली होती. तिकीट पुढे ढकललं होतं, किती पुढे ते ठरलं नव्हतं. ग्रीन कार्डाचे फॉर्म आणले होते. शेवटी लिहिलं होतं, 'माझ्या तिघांचं आता तुम्हीच बघा. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे.'

त्या वेळी राक्षसाचे दोनशेपैकी चौदा प्राण शिल्लक होते.

"चौदा म्हणजे एक धक्का," खंडोजी म्हणाले. "परमिशन आली आहे. मारा की, अण्णा."

"हो."

"मग?"

विद्याधरपंत मारत नव्हते. पूल ओलांडला की हेमलताबाईंसाठी इथे थांबलेलं असं काही उरणार नव्हतं. त्यांनी वैद्यीणबाईंचा तक्ता उघडला. उपचार पंचेचाळीस. बळ शून्य, चपळाई शून्य, धनुष्य शून्य. तक्ता निर्दोष होता. कारखान्यात असता तर त्यांनी त्यावर हिरवा शिक्का मारला असता. फक्त त्यातला एकही गुण जिची वैद्यीण तिने आपल्या मर्जीने घातलेला नव्हता.

त्यांनी एक कळ दाबली. टोळी वळली आणि पुलावरून मागे धावत सुटली. राक्षसाचे प्राण पुन्हा दोनशे झाले.

खंडोजींनी कप खाली ठेवला. "पळालात?"

"माघार घेतली."

"आमच्या घरात त्याला पळणंच म्हणतात," खंडोजी म्हणाले. "सहा महिने मी कॉफी उगाच प्यालो."

मागच्या गावात एक गुरू होता. जन्मात एकदाच तो एखाद्याचे घातलेले सगळे गुण पुसून परत हातात देई. पुस्तिकेत विद्याधरपंतांनीच या नियमापुढे 'निरुपयोगी' असं लिहून ठेवलं होतं. त्यांनी वैद्यीणबाईंना त्याच्या झोपडीत नेलं. मिळालेली परवानगी त्यांनी एवढ्यासाठीच वापरली. मग एरोग्राम घेतला. चार ओळी लिहायला त्यांना दोन दिवस लागले.

'पंचेचाळीस गुण मोकळे केले आहेत. कशात घालायचे ते तू सांग. धनुष्यात घातलेस तरी चालेल. तिला पुढच्या रांगेत यायचं असेल तर माझा एक जण मागे जाईल. मी पुलाअलीकडे आहे.'

'तू ये' असंही एकदा लिहिलं होतं. पण मागितलं की ती 'बरं' म्हणेल, हे त्यांना माहीत होतं. ते शब्द त्यांनी इतके नीट खोडले की कागदाला भोक पडलं.

उत्तर यायला पस्तीस दिवस लागले. मध्ये पोस्टमन दिसला की खंडोजी गच्चीवरून खुणेने 'इल्ला' म्हणत, म्हणजे नाही. त्यांना कॉफीची सवय लागली होती, आणि युद्ध नसताना ती मागायची कशी हे कळत नव्हतं.

जानेवारीत पत्र आलं. एरोग्रामच्या तिन्ही बाजू भरल्या होत्या. ध्रुव दोन ओळींत आटोपला होता. बाकी सगळा हिशेब, खोडून खोडून केलेला. धनुष्य वीस, चपळाई पंधरा, उपचार दहा. दहाच का, तर 'तुमच्या ढालवाल्याला जरा खरचटलं तरी तो माझ्याकडे बघतो. पुस्तिकेत औषधाच्या बाटल्या आहेत असं आठवतं. त्याने त्या जवळ ठेवाव्या आणि स्वतः प्याव्या. पुढच्या रांगेत मी येईन, पण कडेला. मधे तुम्हीच राहा, तुम्हाला आवडतं.' आणि मग, 'हे गुण तुम्ही घालू नका. मागच्या पत्रात तुम्हीच बघा म्हटलं होतं ते रद्द समजा. माझ्या तिघांना हात लावायचा नाही. मी आल्यावर माझ्या हाताने घालीन.'

कधी, ते नव्हतं. विद्याधरपंतांनी तिन्ही बाजू पुन्हा वाचल्या, डिंकाखालची पट्टी उलगडून पाहिली, शिक्क्यावरची तारीख पाहिली. कुठेच नव्हतं.

"काय म्हणते अक्का?" खंडोजींनी कुंपणावरून विचारलं.

"हात लावू नका म्हणते."

"सरी, ठीक झालं," खंडोजी म्हणाले, "म्हणजे अक्का येते." आणि ते फाटकातून आत आले.

कॉफी ठेवून विद्याधरपंत कॉम्प्युटरपाशी बसले. वैद्यीणबाईंच्या नावापुढे पंचेचाळीस गुण तसेच मोकळे होते. त्यांनी फक्त ढालवाल्याला उचललं आणि गावातल्या औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदाराने बाटल्या किती हव्यात विचारलं. विद्याधरपंतांनी थोडा विचार केला, मग झोळीत मावतील तेवढ्या घेतल्या.