दांडी नसलेली पेटी

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या त्या टीचभर वसाहतीत ऑर्फा टॅकेटने या वर्षी रहिवासी समितीने ठरवलेली, पक्ष्यांच्या घरट्याची पेटी लावली नाही, तर केवढा गहजब झाला! बाईने अंगणात तोफ आणून ठेवली असती तरी एवढी कुजबुज झाली नसती.

समितीचा नियम सरळ होता. पक्ष्यांसाठी पेटी लावायची तर सगळ्यांची सारखी: पांढरी, लाल छपराची, कुंपणाच्या खांबावर ठोकलेली आणि आत शिरायच्या भोकाखाली पक्ष्याला बसायला एक गोंडस दांडी. दांडीशिवाय शोभा नाही, असं अध्यक्ष वेंडेल प्रॉफिटचं मत. पण ब्लूबर्डला, म्हणजे ज्याच्यासाठी पेटी लावायची त्या छोट्या निळ्या पक्ष्याला, दांडी लागतच नाही. तो भोकाच्या कडेला नखं रोवून थेट आत शिरतो. दांडीचं कौतुक चिमण्यांना. त्यावर बसून त्या दुसऱ्याच्या घरात डोकावतात.

मागच्या वर्षी ऑर्फाने गप्प बसून तीच पेटी लावली. एकाहत्तराव्या वर्षी कशाला तंटा, म्हणून. एप्रिलात एक चिमणा त्या दांडीवरून आत घुसला, अंड्यांवर बसलेल्या ब्लूबर्ड मादीचं डोकं त्याने टोचून फोडलं आणि तिच्या अंगावरच गवत रचून संसार थाटला. चिमण्या बिचाऱ्या गरीब असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती पेटी उघडून बघायला हवी होती. ऑर्फाने उघडली होती. आपण गप्प बसलो याची तिला अजून लाज वाटत होती.

म्हणून या वर्षी तिने बिनरंगाच्या लाकडाची साधी पेटी आणली. भोक दीड इंचाचं, दांडी नाही. अंगणाच्या मधोमध लोखंडी नळी रोवून त्यावर ती बसवली, आणि अंडी पळवणारे रॅकून आणि साप चढू नयेत म्हणून नळीला जुन्या धुराड्याचा पत्रा गुंडाळला. रूप यथातथाच होतं. पण आठवड्यात ब्लूबर्डची जोडी राहायला आली, आणि पाठोपाठ समितीचं पत्रही: शनिवारपर्यंत काढा, नाहीतर आम्ही काढू.

शनिवारी वेंडेल पाना घेऊन हजर झाला. ऑर्फा नळीशेजारी खुर्ची टाकून मटार सोलत बसली होती.

"ऑर्फाबाई, मला वाईटपणा घ्यायला लावू नका. नियम सगळ्यांना सारखा."

"नियम करताना पक्ष्यांना विचारलं होतंस?"

"नवी पेटी देतो की तुम्हाला, फुकट."

"दांडीवाली ना? तुझ्या अंगणात लाव, आणि तूच बस तिच्यावर."

"अहो, पण हे किती ओंगळ दिसतंय."

"मागच्या वर्षी तुझी पेटी छान दिसत होती. आत मढं होतं."

वेंडेलने नळीच्या बोल्टला पाना लावला. ऑर्फा जागची हलली नाही.

"आधी दोन टिचक्या मार," ती म्हणाली. "मग बाजूची फळी उघड. मी दर आठवड्याला असंच बघते. घरात कोण आहे ते बघ, आणि मग खुशाल पाड."

त्याने चिडूनच टिचक्या मारल्या आणि फळी उघडली. आत मादी बसली होती. पोटाखालून एका निळ्या अंड्याची कड दिसत होती. एवढा धिप्पाड माणूस वीतभर अंतरावर, तरी ती त्याच्याकडे बघत तशीच बसून राहिली.

"ही उडत का नाही?" त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"मागच्या वर्षीचीही नव्हती उडाली."

वेंडेलने फळी हलकेच लावली. मग पाना खिशात घातला.

"समितीला काय सांगू?"

"सांग, ऑर्फा टॅकेट ऐकत नाही," ती मटाराची शेंग मोडत म्हणाली. "मागच्या वर्षी ऐकलं, ते चुकलं."