बिनचिठ्ठीचे डबे

आत्याच्या घरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे: आत काय आहे आणि कधी उघडलं. औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून तिचा जन्म गेला होता. जुना माल पुढे, नवा मागे, हा नियम तिने साबणाच्या वड्यांनाही लावला होता. विजेच्या बटणांना चिठ्ठ्या, चाव्यांना चिठ्ठ्या, पाहुण्यांच्या चादरींवर 'मऊ' आणि 'टोचणारी'. नकोशा पाहुण्याला कुठली मिळायची, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, त्या चिठ्ठ्यांत भलतंच दिसलं. ताई विसरायला लागलीय, असं ते नातेवाइकांना दबक्या आवाजात सांगू लागले. घर बघून माणूस कळतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतःच्या घराकडे मात्र त्यांनी तसं कधी बघितलं नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत शोधूनही धूळ सापडायची नाही, आणि आतलं कपाट खांद्याने रेटल्याशिवाय बंद व्हायचं नाही. पाहुणे तिथवर जात नाहीत, मग काय बिघडलं?

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत्या आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या घराची चावी बाबांकडे होती. त्यांनी माणसं लावून तिचं घर आवरून घेतलं. तिला परत सोडायला गेलो तर दारातच म्हणाले, "बघ ताई, कसं मोकळं झालंय."

स्वयंपाकघरात एकसारखे पांढरे डबे ओळीने मांडले होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. बाबांनी तिला चहा टाकायला सांगितलं. तिने एक डबा उघडला, मग दुसरा, मग खालचं कपाट धुंडाळलं. नजर अजून धूसर होती. चहात साखरेऐवजी मीठ पडलं. बाबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पटलं ना, असा त्याचा अर्थ. मग फार मायेने त्यांनी तिला सांगितलं की आता एकटीने जमायचं नाही, आमची मागची खोली रिकामी केली आहे, हे घर भाड्याने देऊन टाकू.

माझं डोकंच फिरलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. आमच्या प्रयोगशाळेत चिठ्ठी लावणाऱ्याला कोणी विसराळू म्हणत नाही. चिठ्ठी नसलेली बाटली मात्र कोणी हुंगूनसुद्धा बघत नाही.

"तुम्ही आधी तिचं पुस्तक फाडलंत," मी म्हटलं, "आणि मग तिला नापास केलंत."

मोठी माणसं बोलत असताना मध्ये पडू नकोस, असं ते मला म्हणाले.

"मोठं माणूस इथे एकच आहे," आत्या म्हणाली, "आणि ते तू नाहीस, छोट्या."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. आवाज चढला नव्हता. जुने डबे कुठे आहेत, तिने विचारलं. माळ्यावर, पोत्यात. चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या. तिने ते बाबांना उतरवायला लावले, भरायला लावले, आणि डोळे मिटून एकेका वस्तूची जागा सांगत गेली. बाबा ओणवे होऊन ठेवत गेले. मध्येच त्यांनी मला हात लावायला बोलावलं. आत्या म्हणाली, पोरीने काही हलवलेलं नाही.

"काडेपेट्यांच्या मागे मेणबत्त्या. अर्धी जळलेली पुढे."

तशी नव्हतीच, बाबा म्हणाले.

"होती. तू फेकलीस."

बाबांनी पुढचा डबा उचलला. फेकली होती.

"बरं, कळलं मला," शेवटी ते घाम पुसत म्हणाले.

"काही कळलेलं नाही. वरची फळी राहिलीय."

वरची फळी लागल्यावर तिने तळहात पुढे केला. चावी. आता बाबाही भडकले. "आणि उद्या पडलीस म्हणजे? दार फोडून येऊ?"

"फोड. फोडल्याचा आवाज तरी येईल मला."

त्यांनी चावी टेबलावर आपटली. आत्या ती मला ठेवायला देईल असं वाटलं. मी हातही पुढे केला होता. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चावी मुठीत धरून ती उठली, दार उघडलं आणि आम्हा दोघांनाही निघायला सांगितलं.